‘मनोरुग्णाचा धुमाकूळ’ आणि फोननंतरची दहा मिनिटं

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर अधूनमधून एक ठरलेली बातमी दिसते: ‘मनोरुग्णाचा धुमाकूळ, पोलिसांची दमछाक’. कुणी एसटी स्टँडवर दगड भिरकावलेले असतात, कुणी मोबाइलच्या टॉवरवर चढलेलं असतं, कुणी नुसतंच एखाद्या दुकानासमोर ठाण मांडून बसलेलं असतं. पोलिस येतात, चौघे मिळून धरतात, गाडीत घालतात. बातमी संपते. दहा-बारा ओळींत वाहतूक किती वेळ खोळंबली ते येतं, बघ्यांची गर्दी येते. फोन गेल्यापासून गाडीचं दार लागेपर्यंत कोण काय बोललं आणि पहिला हात कुणी लावला, हे मात्र येत नाही. त्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर खरी बातमी तीच असते.

अशा वेळी जे सगळ्यात आधी येऊन ठाकतात, म्हणजे पोलिस, अग्निशमन दलाचे जवान, १०८ च्या गाडीतले डॉक्टर आणि चालक, त्यांना इंग्रजीत ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हणतात. सरकारी मराठीत त्याचं ‘प्रथम प्रतिसादक’ झालंय, पण हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. आपण त्यांना साधं ‘आधी पोहोचणारे’ म्हणू. मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाशी कसं वागायचं हे त्यांना वेगळं शिकवावं लागतं का, शिकवतात तरी काय, आणि त्याने काही फरक पडतो का, एवढंच या लेखात पाहू.

## वेगवेगळ्या गोष्टी, एकच शिक्का

गावात ‘वेडसर’ आणि कागदावर ‘मनोरुग्ण’ म्हटलं की आपलं काम संपतं. त्या एका शिक्क्याखाली निदान तीन वेगळी माणसं उभी असतात. एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे: कानात आवाज येतात, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं. उपचारांनी तो सावरतो, औषधं सुटली की पुन्हा बिघडतो. दुसऱ्याची समज जन्मापासूनच हळू चालते. त्याला आपण पूर्वी ‘मतिमंद’ म्हणायचो, आता बौद्धिक अक्षमता म्हणतो. हा आजार नव्हे, त्यामुळे गोळी देऊन तो ‘बरा’ होत नाही. तिसरा स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम असलेला. त्याची बुद्धी तल्लखही असू शकेल, पण आवाज, उजेड, स्पर्श आणि माणसांचे इशारे त्याच्यापर्यंत वेगळ्याच तऱ्हेने पोहोचतात.

कायद्यानेही हा फरक केला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्ट वगळली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मात्र दोन्हींचा समावेश आहे, स्वमग्नतेचाही. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख आणि मानसिक आजार असलेले सुमारे ७ लाख लोक नोंदले गेले. माझ्या मते हे आकडे कमीच आहेत. दारात आलेल्या प्रगणकाला घरातली असली गोष्ट कोण सांगतं?

रस्त्यावरच्या हवालदाराने निदान करावं अशी अपेक्षा कुणाचीच नाही. त्याला एकच गोष्ट ओळखता यायला हवी: समोरचा ऐकत नाहीये, की ऐकू येऊनही त्याला कळत नाहीये? तमिळचा एक शब्दही येत नसताना चेन्नईच्या स्टेशनवर चार वर्दीवाले तुमच्यावर भराभर तमिळमध्ये ओरडू लागले, तर तुम्ही काय कराल? गोंधळून उभे राहाल, कदाचित मागे सराल, कुणी दंड धरला तर झटका द्याल. त्यांच्या अहवालात लिहिलं जाईल, ‘सूचना देऊनही सहकार्य केले नाही’.

## बारा डॉलरचं तिकीट

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात फ्रेडरिक नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आहे. १२ जानेवारी २०१३ रोजी तिथल्या एका मॉलमध्ये ईथन सेलर हा २६ वर्षांचा तरुण आपल्या मदतनीस मुलीबरोबर सिनेमाला गेला होता. ईथनला डाउन सिंड्रोम होता. यात पेशींमध्ये जन्मतःच एक गुणसूत्र जास्तीचं असतं. समज हळू, स्नायू सैल, श्वासमार्ग अरुंद, आणि पुष्कळदा अंग जड. सिनेमा त्याला इतका आवडला की तो पुन्हा बघायचा हट्ट धरून बसला. मदतनीस मुलगी गाडी आणायला गेली तेवढ्यात तो आत जाऊन खुर्चीत बसला. पुढच्या खेळाचं तिकीट काढलेलं नव्हतं. किंमत साधारण १२ डॉलर.

व्यवस्थापकाने सुरक्षारक्षकांना बोलावलं. ते तिघे मुळात शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, खात्यातले पोलिस, ड्यूटी नसताना मॉलची नोकरी करणारे. मदतनीस मुलीने सांगून पाहिलं: थोडं थांबा, त्याला हात लावलात तर तो बिथरेल. ते थांबले नाहीत. त्याला उठवून बाहेर नेताना झटापट झाली. तो जमिनीवर पालथा, वर तिघे. अंग मोठं म्हणून बेड्यांचे तीन जोड एकमेकांत अडकवावे लागले. तो आईला हाका मारत होता, असं साक्षीदारांनी सांगितलं. थोड्या वेळात त्याचा श्वास थांबला. शवचिकित्सेत गुदमरून मृत्यू आणि स्वरयंत्राला इजा असं निघालं. वैद्यकीय परीक्षकाने तो ‘दुसऱ्यांच्या कृतीने झालेला मृत्यू’ म्हणून नोंदवला. खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्युरीने, तिघांवर खटला चालवायला नकार दिला. कुटुंबाचा दावा २०१८ मध्ये १९ लाख डॉलरवर मिटला.

यात कुणी खलनायक होता असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण डोक्यातून जात नाही. त्या तिघांनी शिकवलेलंच केलं. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा दरडावायचं, तिसऱ्यांदा हात घालायचा. फक्त, घाई कशाची होती? ईथन खुर्चीत बसला होता. पुढचे दोन तास तो तिथून हलणार नव्हता. एवढा सोयीचा ‘आरोपी’ पोलिसांना क्वचितच मिळत असेल.

## पोलिसी खाक्या इथे उलटा का पडतो?

पोलिसी खाक्या उगीच तयार झालेला नाही. चढा आवाज, झटपट ताबा, एकाच वेळी चौघांनी घेरणं हे पाकीटमारावर चालतं, दारू पिऊन राडा घालणाऱ्यावर चालतं, जमावावरही चालतं. त्यामागे एक गृहीतक आहे: समोरच्याला खेळाचे नियम ठाऊक आहेत, तो फक्त मोजतोय की पळावं की शरण जावं. हे गृहीतकच चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

पहिली अडचण वेळेची. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला प्रश्न कळून उत्तर सुचायला काही सेकंद जास्त लागतात. तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा ओरडतो. संगणक अडकला की आपण तेच बटण पाचदा दाबतो, मग ती पाचही कामं रांगेत उभी राहतात आणि यंत्र पुरतं बसतं. तसंच हे. एक प्रश्न, मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजणं, हा प्रशिक्षणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड धडा आहे.

दुसरी अडचण चिन्हं चुकीची वाचण्याची. स्वमग्न मुलगा डोळ्याला डोळा देत नाही, तर तो काहीतरी लपवतोय असं वाटतं. हात झटकत राहतो, एकाच जागी झुलतो, तर नशा केलीय असं वाटतं. ‘नाव काय तुझं?’ असं विचारलं की तोही विचारतो, ‘नाव काय तुझं?’ हवालदाराला वाटतं, पोरगं टिंगल करतंय. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं ही स्वमग्नतेची नेहमीची खूण आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग आपली भाषा. ‘शहाणपणा करू नकोस.’ ‘बाहेर ये, मग दाखवतो.’ ‘दोन लावून देईन.’ शब्दशः अर्थ घेणाऱ्याला यातलं काय कळणार? शहाणपणा करू नको म्हणजे वेड्यासारखं वागायचं का? बाहेर गेल्यावर साहेब काय दाखवणार आहेत? म्हणून शिकवतात: छोटं वाक्य, एक वाक्य एक काम, आणि ‘हे करू नको’ऐवजी ‘हे कर’. ‘पळू नको’ म्हणण्यापेक्षा ‘इथे बस’.

चौथी अडचण ‘हो’ची आहे आणि ती फार महागात पडते. ज्याला आयुष्यभर मोठ्यांना खूश ठेवूनच दिवस काढावे लागले, तो वर्दीसमोर प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. १९७२ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड भागात एक खून झाला. तीन मुलांच्या कबुलीजबाबावर तिघांना शिक्षा झाली. त्यातला सर्वात मोठा १८ वर्षांचा, पण त्याची समज आठ वर्षांच्या मुलाएवढी होती. तीन वर्षांनी त्या शिक्षा रद्द झाल्या. त्यातून चौकशी समिती, मग आयोग, आणि १९८४ च्या ब्रिटिश पोलिस कायद्यात नियम पक्का झाला: अशा व्यक्तीची चौकशी करताना तिच्या बाजूने एक स्वतंत्र प्रौढ माणूस शेजारी बसलेला हवा.

## मेम्फिसचे चाळीस तास

प्रशिक्षणाचा जो साचा आज जगभर चालतो, त्याचा उगमही एका मृत्यूत आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका आईने मदतीसाठी फोन केला. तिचा २७ वर्षांचा मुलगा, मानसिक आजार असलेला, सुरीने स्वतःलाच वार करून घेत होता. पोलिस आले, सुरी टाक म्हणाले. तो आणखी बिथरून त्यांच्याकडे धावला, त्यांनी गोळ्या झाडल्या. शहर पेटून उठलं. पुढच्या वर्षी पोलिस, तिथली विद्यापीठं आणि मानसिक रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना एकत्र बसली आणि ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’, म्हणजे अशा प्रसंगी धावून जाणारं पथक, उभी राहिली. सगळ्या पोलिसांना जुंपण्याऐवजी गस्तीवरच्यांपैकी जे स्वखुशीने पुढे येतील, त्यांना ४० तासांचं प्रशिक्षण. अमेरिकेत हजारो ठिकाणी हा नमुना उचलला गेला.

त्या ४० तासांत व्याख्यानं असतातच, पण लोकांच्या लक्षात राहतात ते बाकीचे तास. उदाहरणार्थ, कानात हेडफोन घालायचे, त्यातून सतत कुजबुजणारे, शिव्या देणारे आवाज येत राहतात, आणि तेवढ्यात समोरचा माणूस तुम्हाला साधा फॉर्म भरायला सांगतो. दोन मिनिटांत हात थरथरतात. रुग्णांच्या घरच्यांशी गप्पा असतात. मग नाटक करून सराव: एक जण मनोरुग्ण, एक पोलिस, बाकीचे बघणार. पोलिसाने किती पावलं मागे घेतली, कमरेवरचा हात कधी खाली आणला, एकाच वेळी किती जण बोलत होते, यावर चर्चा होते. एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गर्दी हटवायची, हा तर आपल्याकडे उद्याच लागू करता येईल असा नियम. आपल्या बघ्यांना हटवणं हे वेगळंच शास्त्र आहे म्हणा.

मेम्फिसची खरी हुशारी मात्र वर्गाबाहेर होती. फोन घेणाऱ्यांनाही शिकवलं, म्हणजे कोणत्या फोनला कोणाला पाठवायचं हे त्यांना कळेल. आणि शहरातलं एक रुग्णालय ठरवून दिलं, जिथे पोलिसांनी आणलेल्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही. हे नसेल, तर शिकलेला पोलिसही शेवटी कोठडीकडेच गाडी वळवतो. दुसरीकडे न्यायचं कुठे?

मेरीलँडने यात आणखी एक भर घातली. ईथनच्या मृत्यूनंतर राज्यपालांनी आयोग नेमला, आणि २०१५ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनाच पोलिस प्रशिक्षणात शिक्षक म्हणून आणण्याची व्यवस्था केली. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी समोर उभी राहून ‘तुम्ही जोरात बोललात की मला शब्द ऐकू येत नाहीत, फक्त आवाज ऐकू येतो’ अशा धर्तीचं काही सांगते, ते वीस स्लाइड दाखवून जमणार नाही.

## आगीच्या गाडीत आणि अँब्युलन्समध्ये

चर्चा नेहमी पोलिसांभोवती फिरते, पण जवानांचं आणि डॉक्टरांचंही तितकंच अडतं. आगीत घाबरलेलं स्वमग्न मूल हाकेला ओ देत नाही. ते पलंगाखाली, कपाटात, त्याच्या ओळखीच्या कोपऱ्यात जाऊन लपतं. हेल्मेट आणि मास्क घातलेला जवान त्याला राक्षसच वाटणार. बाहेर काढल्यावरही ते ‘आपल्या’ खोलीकडे परत धावू शकतं, म्हणून त्याच्याजवळ एक माणूस ठेवायचा. घरातून निघून गेलेलं मूल शोधायचं असेल, तर आधी जवळची विहीर, तलाव, नदी बघायची, कारण अशा पुष्कळ मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते.

अँब्युलन्ससाठी एक गोष्ट जीवनमरणाची आहे. पालथं पाडून पाठीवर वजन दिलं की छातीला फुगायला जागा उरत नाही. माणूस धडपडतो ती श्वासासाठी, आपल्याला वाटतं अजून जोर करतोय, म्हणून आपण आणखी दाबतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्येच पोलिसांना लेखी इशारा दिला होता की बेड्या घातल्याबरोबर माणसाला पोटावरून उठवा. ईथन त्यानंतर १८ वर्षांनी गेला.

## आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण कागदावर आपण मागे नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम १०० सांगतं: स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असल्यासारखी वाटणारी व्यक्ती हद्दीत भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. शब्द ‘संरक्षण’ आहे, ‘अटक’ नाही. संरक्षणात का घेतलं, ते तिला किंवा तिच्या प्रतिनिधीला सांगायचं. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही ठाण्याच्याच अंगावर. १९८७ च्या जुन्या कायद्यात अशा माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचे. आता डॉक्टरपुढे. एका ओळीच्या बदलाने त्याचा ‘आरोपी’चा ‘रुग्ण’ झाला.

कलम ३० मध्ये पोलिसांना ठरावीक काळाने या विषयाचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही सरकारवर आहे. शिवाय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार मानसिक वा शारीरिक दिव्यांग साक्षीदाराला तो राहतो त्या जागेखेरीज दुसरीकडे, म्हणजे ठाण्यातही, हजर व्हायला भाग पाडता येत नाही. साहेबांनी त्याच्या घरी जायचं.

अडचण येते ती अंतराची. प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. गडचिरोलीच्या ठाणे अंमलदाराला वाटतं, नागपूरला नेल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तेवढी गाडी-माणसं तो कुठून काढणार? पण तपासणीसाठी कायद्याला जवळची सरकारी संस्था पुरते, थेट मनोरुग्णालयच हवं असं नाही. भटकणाऱ्यांना घरी पोहोचवण्याचं काम किती चिकाटीचं असतं, हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने दाखवलं आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्यासाठीच.

## ‘बंदोबस्त करायचा की समुपदेशन?’

हा आक्षेप रास्त आहे. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, त्यातून उरलेल्या वेळात तपास. त्यात हे आणखी एक? पण हे काम पोलिस आजही करतातच, शिकवलं नाही म्हणून ते टळत नाही. अमेरिकेतल्या युजीन शहरात १९८९ पासून अशा फोनवर पोलिसांऐवजी एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक व्हॅन घेऊन जायचे, शस्त्राविना. अनेक शहरांनी ती कल्पना उचलली. २०२५ मध्ये पैशांअभावी खुद्द युजीनमध्येच ती सेवा बंद पडली. सोय परवडत नाही म्हटलं की फोन पुन्हा पोलिसांकडेच येतो.

## ‘हातात कोयता असेल तर?’

तर पोलिसाने स्वतःचा आणि लोकांचा जीव आधी वाचवायचा, यात दुमत नाही. प्रशिक्षण ‘मार खा’ असं सांगत नाही, अंतर वाढवा असं सांगतं. कोयता दहा पावलांवर असेल तर बोलायला वेळ मिळतो, दोन पावलांवर असेल तर मिळत नाही. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं हिंसक नसतात. उलट मार खाणाऱ्यांतच त्यांची भरती जास्त. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली की गावात एकटा, असंबद्ध बोलणारा परका माणूस पहिला सापडतो.

## ‘आणि नाटक करत असेल तर?’

करेलही. मग डॉक्टर सांगतील. २४ तासांत तपासणी व्हायचीच आहे. गुन्हा केला असेल तर तो कुठे पळून जात नाही. पाच मिनिटं हळू बोलल्याने फार तर एखादा लबाड खूश होईल. दामटून धरल्याने काय होऊ शकतं ते फ्रेडरिकमध्ये दिसलं.

## मग शिकवल्याने प्रश्न सुटतो का?

पूर्ण नाही. मेम्फिसच्या पद्धतीवर बराच अभ्यास झाला आहे. पोलिसांची समज आणि दृष्टिकोन सुधारतो, जास्त लोक उपचारांपर्यंत पोहोचतात, असं दिसतं. बळाचा वापर आणि जखमा कमी होतात का, याचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये सॉल्ट लेक सिटीत एका आईने आपल्या १३ वर्षांच्या स्वमग्न मुलासाठी अशाच प्रशिक्षित पोलिसाची मागणी करून फोन केला, आणि आलेल्या पोलिसांनी त्या पळणाऱ्या मुलावर गोळ्या झाडल्या. तो वाचला, जबर जखमी होऊन. एक दिवसाची कार्यशाळा, चहा-बिस्किटं, गटाचा फोटो आणि प्रमाणपत्र एवढ्याने हात आवरायची सवय लागत नाही. आपल्याकडच्या ‘संवेदनशीलता कार्यशाळां’ची मला हीच धास्ती वाटते.

## घरात असं कुणी असेल तर

फोन करण्याची वेळ येण्याआधीच जवळच्या ठाण्यात त्याला किंवा तिला एकदा घेऊन जा. दुपारची निवांत वेळ बघा. बीटच्या हवालदाराशी ओळख करून द्या, फोटो आणि दोन नंबर देऊन ठेवा. खिशात किंवा गळ्यात कार्ड असू द्या: नाव, घरचा फोन, ‘मला बोलायला वेळ लागतो’, औषध कोणतं. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड असेल तर त्याची प्रत पाकिटात ठेवा. नुसता सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६.

आणि ११२ किंवा १०८ ला फोन करायचीच वेळ आली, तर ‘लवकर या, खूप गोंधळ घालतोय’ एवढ्यावर थांबू नका. असं सांगा: ‘माझ्या मुलाला स्वमग्नता आहे. वय १९. हातात काही नाही.’ काही असेल तर तेही खरं सांगा. ‘अंगाला हात लावलेला त्याला सहन होत नाही. त्याला बाबू म्हटलेलं कळतं. मी दारात थांबते, आधी माझ्याशी बोला. आणि गल्लीत येताना सायरन बंद करा.’